भीड कुणाची? ‘भिडस्त’ या शब्दाविषयी

एका परिचितांनी मला विचारलं, ‘आत्मचरित्र लिहून झालंय, वेळ मिळाला तर नजर टाकाल का?’ मी म्हणालो, ‘बघतो.’ माझ्या मते तो नकार होता. त्यांच्या मते होकार. चौथ्या दिवशी चारशे पानांचं बाड घरी आलं, वर चिठ्ठी: ‘सवडीने वाचा. शुद्धलेखनही तपासलंत तर बरं.’ पुढचे दोन महिने माझ्या संध्याकाळी त्यांच्या बालपणात गेल्या. घरातून निदान एका शब्दात झालं: भिडस्त!

शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण त्याचा अर्थ विचारला, की कुणी ‘लाजाळू’ म्हणतं, कुणी ‘बुजरा’, कुणी सरळ ‘भित्रा’. तिन्ही उत्तरं जवळून जातात आणि तिन्ही नेम चुकवतात. ती कुठे चुकतात ते पाहत गेलं, की आपल्या भाषेने माणसाच्या स्वभावातली एक बारीक गोष्ट किती अचूक टिपली आहे ते ध्यानात येतं.

आधी ‘भित्रा’. भीड आणि भीती कानाला बहिणी वाटतात, पण त्यांचं काम निराळं. भित्र्याला स्वतःच्या नुकसानीची धास्ती असते: मार बसेल, पडेन, नोकरी जाईल. भिडस्ताला धास्ती असते ती समोरच्याचं मन मोडण्याची, त्याचा चेहरा पडलेला बघण्याची. म्हणून पुरात उडी टाकणारा माणूसही भिडस्त असू शकतो. वाहत्या पाण्यातून दुसऱ्याचं पोर बाहेर काढणारा हाच गडी, मेहुण्याला उसने दिलेले पैसे परत मागायला निघतो आणि दारापर्यंत जाऊन चार वेळा माघारी येतो. त्याला कुणी भित्रा म्हणणार नाही. भिडस्त मात्र सगळे म्हणतील, बहुधा मेहुणासुद्धा.

‘बुजरा’ हा शब्द जनावरांकडून आला आहे. बैल बुजतो, घोडा बुजतो. नवं काही दिसलं की अंग चोरून मागे सरतो. शेतातलं बुजगावणंही याच कुळातलं. बुजणं हे नव्याचं असतं आणि ओळख वाढली की ते ओसरतं. भिडेचं नेमकं उलटं आहे. ती ओळखीबरोबर वाढते. दारावर आलेल्या अनोळखी विक्रेत्याला भिडस्त माणूस ‘नको’ म्हणून दार लावून घेऊ शकतो. पण तीच वस्तू विकायला शेजाऱ्यांचा मुलगा आला, की दोन घेतो. अनोळखी माणसांत गप्प होतो तो बुजरा, ओळखीच्या माणसांत ‘हो’ म्हणून बसतो तो भिडस्त. ही ढोबळ खूण आहे, पण बहुतेक वेळा कामाला येते.

लाजेचं तोंड आपल्याकडे असतं. लोक मला कसे बघतात, मी कसा दिसतो, काही वेडंवाकडं बोललो तर काय, हे लाजाळू माणसाच्या डोक्यात चालतं. भिडेचं तोंड समोरच्याकडे असतं. ‘मुखदुर्बळ’ हा शब्द त्याहून वेगळा. मुखदुर्बळ माणसाकडे म्हणणं असतं, कधी कधी हट्टही असतो, फक्त ते जिभेवर येत नाही. उलट कितीतरी भिडस्त माणसं गप्पांचे फड रंगवणारी असतात. तासभर बोलतील, हसवतील, आणि शेवटी कुणी ‘मग उद्या तुम्हीच सूत्रसंचालन करा’ म्हटलं की मान डोलावतील.

सगळ्यात जवळचा शब्द ‘संकोची’. संकोच म्हणजे मुळात आक्रसणं, आकुंचन. अंगाने आणि मनाने थोडं लहान होणं. फरक एवढाच, की संकोच कुणालाही, कशाचाही वाटू शकतो: नव्या जागेचा, महागड्या भेटवस्तूचा, स्वतःच्या आवाजाचा. भिडेला मात्र समोर माणूस लागतो. टेबलाची भीड पडत नाही.

आणि इथेच या शब्दाचा खरा गंमतीचा भाग सुरू होतो.

‘मला त्यांची भीड पडली’ या वाक्यात भीड कुणाची आहे? वाटते मला, पण आहे त्यांची. एखादा म्हणेल, ‘मला त्यांची भीती वाटली’ यातही रचना तीच आहे. बरोबर. पण भीड आणखी एका तऱ्हेने वापरली जाते, जी भीतीला जमत नाही. जुनी माणसं सहज म्हणत, ‘तुमची त्यांच्याकडे भीड आहे, एक शब्द टाका.’ इथे भीड म्हणजे वजन. समोरच्याच्या मनात तुमच्याविषयी असलेला आदर, उपकाराची आठवण, नात्याचा मान, जे खर्चून एखादं काम करून घेता येतं. ‘भीड घालणे’ म्हणजे हे वजन वापरून गळ घालणं. ‘तुमची भीती आहे, एक शब्द टाका’ असं कुणी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलंच तर तिथून निघून जावं.

म्हणजे एकाच शब्दाला दोन टोकं आहेत. एका टोकाला ज्याची भीड आहे तो, दुसऱ्या टोकाला ज्याला भीड पडते तो. दोरी एकच. आजकाल आपण स्वभावाबद्दल बोलतो ते एकेका माणसाच्या आतलं काहीतरी म्हणून: याच्यात आत्मविश्वास कमी आहे, तिला स्वतःचं म्हणणं मांडता येत नाही, त्याने प्रशिक्षण घ्यायला हवं. मराठीने ही गोष्ट माणसाच्या आत ठेवलीच नाही, दोन माणसांच्या मध्ये ठेवली. मला हे आधुनिक समजुतीपेक्षा जास्त खरं वाटतं. एकच माणूस कचेरीत खडसावून बोलतो आणि थोरल्या बहिणीपुढे ‘बरं’ म्हणून येतो. त्याचा स्वभाव जिन्यात बदलत नाही. दोरी बदलते.

म्हणून भीड कुणापुढे पडते याचा हिशेबही साधारण लागतो. वय, मान, नातं आणि उपकार या चार गोष्टींतली एक तरी तिथे असते. चारही एकत्र आल्या, म्हणजे लहानपणी फी भरणारे वृद्ध मामा समोर बसले, की मग निर्णय झालेलाच असतो. आपण फक्त तो ऐकायला गेलेले असतो.

भिडेच्या जोडीला येणारे शब्दही हीच देवघेव सांगतात. ‘भीडभाड’ तर आहेच. ‘भीडमुर्वत न ठेवता बोलला’ असंही म्हणतात. यातली मुर्वत अरबीतून फारसीच्या वाटेने आली. अरबी मुरूआ हा शब्द ‘पुरुष’ या अर्थाच्या शब्दावरून झालेला, म्हणजे मूळ अर्थ मर्दपणा, शिवाय शौर्य आणि औदार्यही. तोच शब्द प्रवासात मवाळ होत होत ‘दुसऱ्याचा मान राखणं’ इथवर आला. नाही म्हणायची हिंमत नसणाऱ्याला चिडवणाऱ्यांनी हा प्रवास आठवावा. ‘कुणाचा मुलाहिजा न ठेवता’ मधला मुलाहिजाही अरबीच, त्याचा मूळ अर्थ लक्ष देऊन पाहणं. हिंदीतला ‘भीड़’ मात्र वेगळा, तो गर्दीचा. रेल्वे फलाटावरची भीड आणि मामांची भीड यांची गल्लत करू नये, जरी दोन्हींत माणूस चेंगरतो.

आता क्रियापदं. भीड पडते, वाटते, धरली जाते, राखली जाते. माणूस एखादी गोष्ट भिडेखातर करतो, भिडेपोटी करतो, भिडेला बळी पडतो. ‘भीड मोडणे’ म्हणजे तो मान बाजूला ठेवून बोलणं किंवा नकार देणं. ‘भीड चेपणे’ याचा रोख वेगळा आहे. चेपते ती हळूहळू, सवयीने. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात खाली मान घालून बसायचा, आता भीड चेपली, साहेबांची नक्कल करतो. या वापरात कौतुक असतं आणि थोडी नाराजीही. ‘फारच भीड चेपलीय त्याची’ हे प्रशस्तिपत्रक नव्हे.

पण भिडस्ताचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य व्याकरणात दडलेलं आहे. तो ‘मी नाही म्हणू शकत नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मला नाही म्हणवत नाही.’ ‘मोडवत नाही’, ‘बोलवत नाही’, ‘बघवत नाही’ या रूपांना व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. ‘मला जिना चढवत नाही’ म्हणताना पाय दुखत असतात. ‘नाही म्हणवत नाही’ म्हणताना काय दुखतं? जीभ शाबूत आहे, शब्द दोन अक्षरी आहे, आवाजही आहे. तरी वाक्यात ‘मी’ कर्ता म्हणून उभाच राहत नाही. तो ‘मला’ होऊन कडेला सरकतो आणि न होणारी क्रिया जणू आपोआप होत नाही. भिडस्त माणसाला नेमकं असंच वाटतं. आपण हो म्हणालो असं त्याला वाटत नाही, आपल्याकडून हो म्हटलं गेलं असं वाटतं.

लिहिताना होणाऱ्या चुकांबद्दल चार ओळी. ‘भीड’ दीर्घ, कारण शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा मराठी इकार दीर्घ लिहितात. पण ‘भिडेने’, ‘भिडेला’, ‘भिडस्त’ यांत ऱ्हस्व. ‘गरीब’ आणि ‘गरिबाला’ यांसारखंच. ‘निर्भीड’ दीर्घ, ‘निर्भिड’ ही वर्तमानपत्रांची लाडकी चूक. ‘भिडस्त’ हे विशेषण लिंग-वचनानुसार बदलत नाही: भिडस्त मुलगा, भिडस्त मुलगी, भिडस्त माणसं. काही जण ‘भिडस्थ’ लिहितात, पण रुळलेलं रूप भिडस्त. नाम हवं असेल तर भिडस्तपणा.

‘निर्भीड’चा विषय निघालाच आहे तर सांगतो. हा शब्द आपण ‘निर्भय’ अशा अर्थाने वापरून बोथट करून टाकला. निर्भय म्हणजे भय नसलेला. निर्भीड म्हणजे कुणाची भीड न ठेवणारा. निर्भीड पत्रकार म्हणजे गोळीबारात उभा राहणारा असेलही, पण शब्दाचा अर्थ तो नाही. ज्याने काल आपल्याला घरी जेवायला बोलावलं, त्याच्याविरुद्धची बातमी आज छापतो तो निर्भीड. पहिल्यापेक्षा दुसरं काम कधी कधी जास्त अवघड असतं.

नेभळटापासून मवाळापर्यंत

ठामपणे न बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे, आणि प्रत्येक शब्द बोलणाऱ्याबद्दलही काही सांगतो. नेभळट, शामळू, बुळा, पडखाऊ, लेचापेचा: या सगळ्या शिव्या आहेत, सौम्य असल्या तरी. यातल्या पहिल्या तीन जवळजवळ नेहमी पुरुषांना दिल्या जातात. बाईने सगळं मुकाट्याने घेतलं तर तिला मात्र ‘सोशीक’, ‘गरीब’, ‘गुणाची’ म्हणण्याची पद्धत होती. म्हणजे जे त्याच्यात व्यंग, तेच तिच्यात दागिना. शब्दकोश असा अन्याय सांगत नाही, पण कुठला शब्द कुणाला लावला जातो हे बघितलं की दिसतो. ‘भिडस्त’ या भानगडीत पडत नाही. तो दोघांनाही सारखाच लागतो आणि त्यात निंदा नसते, असलीच तर लाडिक तक्रार असते.

एक सोपी कसोटी आहे. कुठला शब्द माणूस स्वतःला लावून घेतो? ‘मी जरा भिडस्त आहे’ असं लोक सहज सांगतात, किंचित अभिमानानेही. ‘मी नेभळट आहे’ असं गंभीरपणे म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. पण या सोयीत एक खोचही आहे. भिडस्त म्हणवून घेणं हे कधी कधी कातडी वाचवणं असतं. जिथे बोलायलाच हवं होतं तिथे गप्प बसायचं आणि मग स्वभावाकडे बोट दाखवायचं. अग्रलेखांत अशा गप्प बसण्याला ‘बोटचेपे धोरण’ म्हणतात. तिथे ‘भिडस्त धोरण’ शोभत नाही, कारण बोटचेपेपणात हिशेब असतो आणि भिडेत तो नसतो.

‘मवाळ’ला तर इतिहासच आहे. 1907 साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल आणि मवाळ असे तट फुटले आणि हा शब्द कायमचा राजकीय झाला. पण मवाळ म्हणजे न बोलणारा असा अर्थ घेतला तर गोपाळ कृष्ण गोखले त्यात बसत नाहीत. 1902 साली त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार तिजोरीतली शिल्लक मिरवत होतं, आणि लोक हालात असताना ही शिल्लक म्हणजे कराचं ओझं जास्त झाल्याची खूण आहे, हे त्यांनी आकडे मांडून सांगितलं. समोर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन बसले होते. मवाळपणा पद्धतीत होता. मुद्द्यात भीडभाड नव्हती. आवाज खालचा ठेवूनही मुद्दा न सोडणारी माणसं असतात, आणि आरडाओरडा करून शेवटी सगळं मान्य करणारीही असतात. दुसऱ्या प्रकारचे आपल्याला फार उशिरा ओळखू येतात.

आता उलट बाजूने बघा. भिडस्ताच्या विरुद्ध कोण? फटकळ, उद्धट, आगाऊ, तोंडाळ, शिष्ट. हेही सगळे दोषच. ‘परखड’ आणि ‘रोखठोक’ थोडे बरे, पण त्यांना धार आहे, ते कुणालातरी लागतात. ‘स्पष्टवक्ता’ म्हणताना म्हणणाऱ्याचा आवाज थोडा बदलतोच. समोरच्याचा मान राखून, शांतपणे, न रागावता आपलं म्हणणं मांडणारा आणि मागे न घेणारा, अशा माणसासाठी रोजच्या बोलण्यातला एक शब्द शोधायला गेलं तर ‘ठाम’पाशी येऊन थांबावं लागतं. तोही माणसापेक्षा मताला जास्त लावला जातो. मला वाटतं भिडस्त माणसाची अडचण थोडी इथेही आहे. त्याच्या डोळ्यांपुढे दोनच खुर्च्या असतात, एक त्याची आणि एक उद्धटाची. दुसरीवर बसायचं नाही हे त्याने लहानपणीच ठरवलेलं असतं.

मानसशास्त्रात या मधल्या खुर्चीचा विचार विसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. अमेरिकेत अँड्र्यू साल्टर यांनी 1949 साली भावना दाबून ठेवणाऱ्या माणसांना त्या उघड बोलायला लावण्याची उपचारपद्धत मांडली. जोसेफ वोल्पी यांनी 1958 साली असं मांडलं, की ठामपणे व्यक्त होणं आणि चिंता या दोन गोष्टी एकाच वेळी शरीरात सुखाने नांदत नाहीत, म्हणून पहिलीचा सराव केला की दुसरी हटते. 1970 नंतर याच्या कार्यशाळांचं पीक आलं. उपयोग झाला, नाही असं नाही. पण त्या सगळ्यात दोरीचं एकच टोक धरलेलं होतं: ज्याला बोलता येत नाही त्याला बोलायला शिकवा. दुसऱ्या टोकाकडे लक्ष गेलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि फार मोठी किंमत मोजून.

‘असेलही बरोबर’

13 जानेवारी 1982. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होतं. एअर फ्लोरिडाचं 90 क्रमांकाचं विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर धावायला लागलं. इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा चालू केलेली नव्हती. त्यामुळे मोजमाप घेणाऱ्या नळीत बर्फ साचलं होतं आणि इंजिनांची ताकद प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जास्त असल्याचं काटे दाखवत होते. विमान सहवैमानिक चालवत होता आणि त्याला शंका आली. हे ठीक दिसत नाही, असं तो म्हणाला. मग, हे बरोबर नाही. कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे. सहवैमानिक पुन्हा म्हणाला, मला नाही वाटत हे बरोबर आहे. आणि लगेच पुढे: असेलही बरोबर.

विमान उडालं, उंची घेऊ शकलं नाही, पुलावर आपटून पोटोमॅक नदीत कोसळलं. विमानातले 74 आणि पुलावरचे 4 असे 78 जण गेले.

त्या ‘असेलही बरोबर’मध्ये सगळी भीड आहे. माणसाला दिसत होतं, कळत होतं, तो बोललाही. गप्प बसला असं म्हणता येत नाही. पण बोलला ते प्रश्नासारखं, पुटपुटल्यासारखं, आणि कॅप्टनने एकदा ‘आहे’ म्हटल्यावर स्वतःच माघार घेतली. ‘थांबा, उड्डाण रद्द करा’ हे वाक्य आलंच नाही. भिडस्त माणसाला बोलताच येत नाही हा गैरसमज आहे. तो बोलतो. पण बोलताना शब्दांना इतकं कापूस लावतो, की समोरच्याला लागतच नाहीत.

भाषाशास्त्रज्ञ शार्लट लिंडी यांनी अपघातांतली कॉकपिटमधली संभाषणं तपासून 1988 साली हेच दाखवलं. खालच्या पदावरचा माणूस वरच्याशी बोलताना शब्द जास्त मऊ करतो, आणि असं मऊ करून सांगितलेली सूचना मान्य न होता विरून जाण्याची शक्यता जास्त असते. त्यांच्याआधी, 1979 साली, नासाने विमान अपघातांतल्या मानवी चुकांवर एक कार्यशाळा भरवली होती. त्यातून वैमानिकांसाठी एक नवी प्रशिक्षणपद्धत उभी राहिली आणि 1981 साली युनायटेड एअरलाइन्सने ती सुरू केली. त्यात सहवैमानिकाला शिकवतात: आधी हाक मारा, काय दिसतंय ते सांगा, काय करायला हवं ते सांगा, उत्तर मिळेपर्यंत सोडू नका. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. कॅप्टनलाही शिकवतात, की विचार, ऐक, आणि कुणी शंका काढली तर ती शंका काढणाऱ्याची चूक समजू नकोस. दोरीची दोन्ही टोकं त्यांनी धरली.

आपल्या म्हणींनीही दोन्ही धरली आहेत, फक्त आपण एकच जास्त वापरतो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण भिडस्ताला ऐकवायची. भिडेपायी देत राहिलास, मागायला लाजलास, तर हाती कटोरा येईल. पण दुसरी म्हण समोरच्याला आहे: ‘मऊ सापडलं म्हणून कोपराने खणू नये.’ ही सांगायचा प्रसंग आला की नेमके आपणच भिडेला पडतो.

आणि समोरचा खरंच खणत असतो का? बऱ्याचदा त्याला पत्ताच नसतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक या संशोधकांनी 2008 साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना सांगितलं, की अनोळखी माणसांकडे जा आणि काहीतरी छोटी मदत मागा, प्रश्नावली भरून घेण्यासारखी. हवे तितके होकार मिळवायला किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज आधी लिहून घेतला. प्रत्यक्षात अंदाजाच्या जवळपास निम्म्याच लोकांना विचारावं लागलं. कारण शोधलं तेव्हा दिसलं, की मागणारा माणूस ‘याला माझं काम करायला किती त्रास पडेल’ एवढंच मोजतो. तोंडावर नाही म्हणायला समोरच्याला किती जड जाईल, हे त्याच्या हिशेबात येतच नाही.

लक्षात घ्या, ही अनोळखी माणसं होती. त्यात मामा नव्हते.

म्हणजे आत्मचरित्र पाठवणारे ते परिचित मला कोपराने खणत नव्हते. त्यांनी विचारलं, मी ‘बघतो’ म्हणालो, त्यांनी ‘बघतो’चा अर्थ बघतो असा घेतला. यात त्यांचं काय चुकलं? ‘बघू’, ‘कळवतो’, ‘जमेल तसं करू’, ‘प्रयत्न करतो’ हे आमच्या जमातीचे नकार आहेत. आम्हाला वाटतं, आम्ही सांगितलं. संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणारे सांगतात, की होकार चटकन येतो आणि नकार रेंगाळत येतो: आधी थोडी शांतता, मग ‘अं’, मग ‘तसं बघायला गेलं तर’. सावध माणसाला ती शांतताच पुरते. तो स्वतःहून म्हणतो, ‘घाई नाही हं, नाही जमलं तरी चालेल.’ घाईतला किंवा गरजू माणूस त्या शांततेत आणखी दोन कारणं भरतो. आणि शांतता भरली गेली की भिडस्ताकडे काही शिल्लक राहत नाही.

त्याचं दुसरं हत्यार म्हणजे सबब, आणि तीही उलटते. ‘माझ्याकडे गाडी नाही’ म्हटलं तर गाडी येते. ‘रविवारी पाहुणे आहेत’ म्हटलं तर शनिवार निघतो. सबब ही समोरच्याला सोडवायला दिलेली अडचण असते आणि लोक मदतीला तत्पर असतात. म्हणून नकाराला कारण जितकं कमी, तितका तो टिकतो. ‘या वेळी नाही जमणार मला’ हे वाक्य पुरतं. त्यातला ‘या वेळी’ भिडेसाठी आहे, ‘नाही’ कामासाठी. त्यावर ‘का?’ आलं, तर तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात. मी हे करून पाहिलं आहे. दुसऱ्यांदा म्हणताना कान तापतात, तिसऱ्यांदा बहुधा म्हणावं लागत नाही. लगेच जमत नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हणावं, पण मग उद्या खरंच सांगावं. भिडस्ताचा उद्या पंधरा दिवसांनी उगवतो, आणि तोवर समोरचा आपल्या भरवशावर बसलेला असतो. दुसऱ्याला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहणारा माणूस शेवटी त्याला जास्त दुखवतो तो इथे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. चारचौघांत बोलायचं, फोन उचलायचा, कुणी बघत असताना सही करायची, या सगळ्यानेच छाती धडधडत असेल आणि त्यापायी कामं टाळली जात असतील, तर तो भिडस्तपणा नव्हे. सामाजिक भयगंड हा वेगळा आजार आहे, 1980 पासून अमेरिकी मनोविकारांच्या अधिकृत यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तिथे स्वभावाचं लेबल लावून बसू नये.

राहता राहिलं दोरीचं दुसरं टोक, म्हणजे तुम्ही स्वतः मागणारे असाल तेव्हा काय करायचं. आपल्याकडे यासाठी तयार वाक्यं आहेत: ‘भीड बाळगू नका’, ‘अगदी निःसंकोच सांगा’, ‘हक्काने नाही म्हणा.’ ऐकायला छान, उपयोग शून्य. कारण या प्रत्येक वाक्याला भिडस्ताचं उत्तर ठरलेलं असतं: ‘छे छे, भीड कसली!’ आणि ते उत्तरही भिडेपोटीच दिलेलं असतं. त्यापेक्षा समोरासमोर विचारूच नये. चिठ्ठीने, निरोपाने विचारावं, उत्तराला दोन दिवस द्यावेत, आणि ‘नाही’चं वाक्य आपणच लिहून द्यावं: ‘जमणार नसेल तर नुसतं नाही असं कळवा, मी दुसऱ्यांना विचारतो.’

त्या परिचितांनी आता दुसरा खंड लिहायला घेतला आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, ‘पहिला तुम्ही इतक्या आपुलकीने वाचलात, म्हणून धीर आला.’ मी म्हणालो, ‘वा!’ आणि नंतर जी शांतता पडली, तिच्यात ते काय भरतात याची वाट बघत उभा राहिलो.